उद्घाटन भाषण (मराठी साहित्य संमेलने)

सभा, परिषद, संमेलन किंवा अधिवेशन यांच्या प्रारंभी, पुढील कामकाजाची दिशा सूचित करण्यासाठी केल्या जाणाऱ्या भाषणास उद्घाटन भाषण असे म्हणतात. मराठी साहित्य संमेलनांच्या संदर्भात उद्घाटन सत्रातील तीन भाषणे विशेष महत्त्वाची मानली जातात : स्वागताध्यक्षांचे भाषण, उद्घाटकांचे भाषण आणि संमेलनाध्यक्षांचे भाषण. ही भाषणे औपचारिक स्वरूपाची असली, तरी त्यांपैकी काहींनी श्रोत्यांची मते घडवली, काहींनी सत्तेला प्रश्न विचारले आणि काहींमुळे नव्या साहित्यप्रवाहाला आत्मभान आले. प्रारंभीचे भाषण श्रोत्यांचे मन कसे वळवते व त्यांना कृतीसाठी कसे प्रवृत्त करते, याचा विचार प्राचीन वक्तृत्वशास्त्रात झालेला आहे. भारतीय ग्रंथपरंपरेत आणि कीर्तनपरंपरेतही त्याला समांतर अशी मांडणी आढळते.

स्वरूप

उद्घाटन भाषण हे अन्य भाषणांहून एका बाबतीत वेगळे असते. न्यायालयातील वकिलासमोर निकाल असतो आणि विधिमंडळातील सदस्यासमोर मतदान असते. उद्घाटकासमोर मात्र असा तातडीचा निर्णय नसतो. श्रोते टाळ्या वाजवतात आणि पुढील कार्यक्रमाकडे वळतात. त्यामुळे हे भाषण केवळ शोभेचे आहे, असा समज होऊ शकतो. ॲरिस्टॉटलने भाषणांचे विचारविनिमयात्मक, न्यायविषयक आणि प्रसंगविशेषाचे असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तिसऱ्या प्रकारात स्तुती आणि निंदा यांना प्राधान्य असते. उद्घाटन भाषण बाह्यतः या तिसऱ्या प्रकारात मोडते.

परंतु कोणाची स्तुती करावयाची, कोणाचे नाव घ्यावयाचे आणि कोणते वगळावयाचे, हे ठरवताना वक्ता मूल्यांचा क्रम लावत असतो. समुदायाने कशाला थोर मानावे, हे तो सुचवतो. आज स्तुतीच्या रूपाने मान्य झालेले मूल्य उद्या ठरावाच्या आणि कृतीच्या रूपाने पुढे येऊ शकते. उद्घाटन भाषणाचे सामर्थ्य मुख्यतः या अप्रत्यक्ष मार्गाने प्रकट होते.

आरंभाविषयीचे शास्त्रविचार

ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात भाषणाच्या प्रारंभाची तुलना काव्याच्या प्रस्तावनेशी आणि बासरीवादनाच्या आरंभीच्या सुरावटीशी केली आहे. भाषणाचा हेतू काय आहे, हे श्रोत्याला कळवणे हे प्रारंभाचे सर्वांत आवश्यक कार्य होय, असे त्याचे मत आहे. हेतू ठाऊक नसलेला श्रोता अंधारात चाचपडत राहतो. हेतूचा धागा हाती आला, की तो वक्त्याच्या मागोमाग चालू शकतो.

रोमन वक्ता सिसेरो याने तरुणपणी लिहिलेल्या ग्रंथात प्रारंभाची तीन उद्दिष्टे सांगितली आहेत. श्रोता वक्त्याविषयी सद्भाव बाळगणारा, लक्ष देणारा आणि शिकून घेण्यास तयार झाला पाहिजे. श्रोते अनुकूल असतील, तर वक्त्याने सरळ प्रारंभ करावा. ते प्रतिकूल असतील, तर आडवळणाने त्यांच्या मनात प्रवेश करावा, असा भेदही त्याने केला आहे. प्रतिकूल श्रोत्यांपुढे वादाचा मुद्दा आरंभीच मांडल्यास ते मन मिटून घेतात. म्हणून प्रथम उभयपक्षी मान्य असलेल्या गोष्टीवर पाय रोवावा आणि तेथून वादाच्या मुद्द्याकडे जावे, हा या सूचनेमागील विचार होय.

भारतीय शास्त्रग्रंथांत प्रारंभी ‘अनुबंधचतुष्टय’ सांगण्याची पद्धत आहे. ग्रंथाचा विषय, त्याचे प्रयोजन, विषय आणि ग्रंथ यांतील संबंध आणि ग्रंथाचा अधिकारी, म्हणजे तो कोणासाठी आहे, ही ती चार अंगे होत. संस्कृत नाटकात नांदीनंतर सूत्रधार प्रेक्षकांना कवीचे नाव व नाटकाचा विषय सांगतो आणि त्यांच्या रसिकतेचा गौरव करतो. या दोन्ही रूढींत केवळ मंगलाचरण नाही. समोरच्याचे लक्ष मिळवणे आणि त्याला त्याची भूमिका समजावून देणे, हा व्यावहारिक हेतूही त्यांत आहे.

मराठीतील पूर्वपरंपरा

मराठीत श्रोत्यांना उद्देशून केलेल्या प्रारंभाचा श्रेष्ठ नमुना ज्ञानेश्वरीत आढळतो. पहिल्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वरांनी गणेशाच्या मूर्तीवर वाङ्मयाचे रूपक केले असून, वेद, पुराणे व दर्शने त्या मूर्तीची अंगे म्हणून वर्णिली आहेत. श्रोत्यांना परिचित असलेल्या दैवतातून ते अपरिचित अशा विषयाकडे जातात. नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ते श्रोत्यांकडे अवधान मागतात आणि त्याच्या मोबदल्यात सर्व सुखाची हमी देतात. मात्र ही प्रतिज्ञा गर्वाने केलेली नाही, असे लगेच सांगून ते श्रोत्यांपुढे लेकरासारखी सलगी करतात. लक्ष मागणे, लाभ सांगणे आणि नम्रतेने सद्भाव मिळवणे ही तिन्ही अंगे येथे एकत्र आलेली आहेत.

नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात नमनानंतर मूळ पद किंवा अभंग घेऊन त्याचे निरूपण केले जाते. उत्तररंगात त्याच सिद्धांताला पोषक असे आख्यान लावले जाते. प्रथम विचार आणि नंतर कथा, असा हा क्रम आहे. एकोणिसाव्या शतकात मराठी समाजात व्याख्यानाची आणि सभेची नवी पद्धत रुजली, तेव्हा श्रोतृवर्गाला कीर्तन, प्रवचन व पुराणकथन ऐकण्याची सवय आधीपासून होती. सभेतील वक्त्याकडूनही तो वर्ग सिद्धांताबरोबर दृष्टांताची अपेक्षा ठेवत असे.

साहित्य संमेलनातील स्थान

मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन ११ मे १८७८ रोजी पुणे येथे भरले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा त्यात पुढाकार होता आणि रानडे हे त्याचे अध्यक्ष होते. दुसरे संमेलन १८८५ मध्ये पुण्यातच कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली झाले. १९६१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाची स्थापना झाली आणि कालांतराने संमेलनाचे आयोजन या संस्थेकडे आले.

उद्घाटनाच्या दिवशी ग्रंथदिंडी, ध्वजारोहण आणि दीपप्रज्वलन यांनंतर भाषणांना आरंभ होतो. स्वागताध्यक्ष हे यजमान गावाच्या वतीने बोलतात. त्यामुळे स्थानिक इतिहास, संतपरंपरा आणि पाहुण्यांचा गौरव हे त्यांच्या भाषणाचे ठरलेले विषय असतात. उद्घाटक हा अनेकदा अन्य भाषेतील लेखक किंवा सार्वजनिक जीवनातील व्यक्ती असतो. दिल्ली येथे १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या संमेलनाचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांनी केले होते. संमेलनाध्यक्षांचे भाषण सर्वांत विस्तृत असते. ते बहुधा आधी छापून तयार ठेवले जाते आणि प्रत्यक्षात त्यातील निवडक भाग वाचला जातो. परिणामी या भाषणाला दोन श्रोतृवर्ग लाभतात : मंडपात बसलेला आणि पुढे वाचणारा. मंडपातील श्रोत्याला थोडक्यात व ठसठशीत सांगावे लागते, तर वाचकाला सविस्तर युक्तिवाद हवा असतो. या दोहोंचा मेळ घालणे, ही अध्यक्षीय भाषणाची मुख्य अडचण होय.

मन वळवण्याची साधने

वक्त्याचा अधिकार. श्रोता प्रथम ‘कोण बोलत आहे’ हे पाहतो आणि नंतर ‘काय बोलत आहे’ हे ऐकतो. अध्यक्षपदामुळे वक्त्याला औपचारिक अधिकार मिळतो. पण श्रोत्यांचा विश्वास त्याच्या आजवरच्या लेखनातून व वर्तनातून येतो. बोलण्यामुळे वक्त्याचे काही नुकसान होण्याचा संभव असेल, तर त्याच्या शब्दांना अधिक वजन प्राप्त होते.

आपलेपणा. गावाचे नाव, तेथील नदी, तेथे होऊन गेलेले ग्रंथकार यांचा उल्लेख करून वक्ता श्रोत्यांशी नाते जोडतो. ‘मी’ आणि ‘तुम्ही’ यांच्या जागी ‘आपण’ हे सर्वनाम येते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन पर्याय आहेत. ‘आम्ही’मध्ये श्रोता वगळला जातो, तर ‘आपण’मध्ये तो सामावला जातो. कुशल वक्ता तक्रार मांडताना ‘आम्ही’ आणि संकल्प मांडताना ‘आपण’ वापरतो.

परिचिताची उलटापालट. श्रोत्यांच्या मनात आधीच असलेली प्रतिमा, म्हण किंवा पुराणकथा घेऊन तिचा अर्थ फिरवणे हे अत्यंत प्रभावी साधन आहे. प्रतिमा ओळखीची असल्यामुळे श्रोता तिला विरोध करीत नाही. अर्थ नवा असल्यामुळे तो चकित होतो.

अपेक्षाभंग. ज्या व्यासपीठावर जे ऐकू येणे अपेक्षित असते, त्याच्या नेमके विरुद्ध बोलल्याने भाषण स्मरणात राहते. मुंबई येथील १९३८ च्या संमेलनात अध्यक्ष विनायक दामोदर सावरकर यांनी तरुणांनी लेखणी मोडून बंदूक हाती घ्यावी, अशा आशयाचे आवाहन केले. साहित्यिकांच्याच सभेत, साहित्यिकानेच साहित्याला दुय्यम ठरवल्यामुळे हे विधान दीर्घकाळ चर्चेत राहिले. त्याचा आशय मान्य नसणाऱ्यांनाही त्याची दखल घ्यावी लागली.

लय आणि विराम. समान रचनेची वाक्ये, तीन घटकांची मालिका आणि योग्य ठिकाणी घेतलेला विराम यांमुळे ऐकणाऱ्याला वाक्याचा शेवट आधीच जाणवू लागतो. असा श्रोता मनातल्या मनात वक्त्याबरोबर वाक्य पूर्ण करतो आणि त्यामुळे ते वाक्य त्याला स्वतःचे वाटते. टाळ्यांचा कडकडाट बहुधा अशा ठिकाणी होतो.

आवाहन. प्रारंभीच्या भाषणाचा शेवट पुढील कामकाजाकडे बोट दाखवणारा असावा लागतो. काय करावयाचे आहे, हे स्पष्ट नसेल, तर जागृत झालेली भावना मंडपातच विरून जाते.

निवडक उदाहरणे

बेळगाव, १९४६. गजानन त्र्यंबक माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव संमत झाला. सीमेवरील बेळगावात ही मागणी पुढे आल्याने तिचा अर्थ अधिक गडद झाला. एकच भाषा बोलणारे लोक निरनिराळ्या प्रांतांत व संस्थानांत विभागलेले असल्याची जाणीव श्रोत्यांना तेथे वेगळी करून देण्याची गरज नव्हती. साहित्यिक व्यासपीठावरून निघालेली ही मागणी पुढे राजकीय चळवळीचा विषय झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, परंतु बेळगाव त्यात समाविष्ट झाले नाही.

मुंबई, १९५८. पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर तोललेली आहे, ही पौराणिक समजूत घेऊन त्यांनी ती नाकारली आणि पृथ्वी दलितांच्या व श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे, असा विचार मांडला. परिचिताच्या उलटापालटीचे हे उत्तम उदाहरण होय. विधानाच्या पूर्वार्धात जुन्या समजुतीचा निषेध आहे आणि उत्तरार्धात नव्या सत्याची स्थापना आहे. मस्तक आणि तळहात या दोन अवयवांच्या विरोधातून उच्चनीचतेची उतरंडही सूचित होते. कष्ट करणारा हात हा दुर्बळ नसून सर्वांचा आधार आहे, असे ऐकल्यावर श्रोत्याची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी बदलते. अण्णा भाऊ हे स्वतः मातंग समाजातून आलेले, औपचारिक शिक्षणापासून जवळजवळ वंचित राहिलेले आणि मुंबईच्या श्रमिक वस्तीत वाढलेले शाहीर होते. शाहिरीमुळे समोरच्या समुदायाच्या बोलीची व प्रतिसादाची त्यांना नेमकी जाण होती. दलित साहित्याच्या चर्चेत हे विधान आजही वारंवार उद्धृत केले जाते.

कराड, १९७५. २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले. त्याच वर्षी कराड येथे भरलेल्या संमेलनाच्या अध्यक्षपदी लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत होत्या. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे त्या वेळी केंद्रीय मंत्रिमंडळात होते. ज्या सरकारने निर्बंध घातले, त्याचेच ज्येष्ठ मंत्री यजमान असलेल्या संमेलनात भागवत यांनी लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली. तेथे त्यांनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्या स्वास्थ्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. या प्रसंगाचे सामर्थ्य आलंकारिक भाषेत नव्हते. भागवत या कोणत्याही राजकीय पक्षाच्या प्रवक्त्या नव्हत्या आणि बोलण्याचा परिणाम त्यांना ठाऊक होता. पुढे आणीबाणीच्या काळातच त्यांना अटक झाली. मौन प्रार्थनेत सामील होणारा श्रोता हा केवळ ऐकणारा उरला नाही. उभे राहून त्याने आपली भूमिका घेतली होती. अशा प्रसंगी भाषण आणि कृती यांतील अंतर संपुष्टात येते.

यवतमाळ, २०१९. ९२ व्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना निमंत्रण देण्यात आले होते. विरोधाच्या भीतीने ते ऐन वेळी मागे घेण्यात आले. अनेक साहित्यिकांनी याचा निषेध केला आणि काहींनी संमेलनावर बहिष्कार टाकला. या संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे यांनीही निमंत्रण मागे घेण्याच्या कृतीबद्दल नापसंती व्यक्त केली. उद्घाटनासाठी आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांना पाचारण करण्यात आले. कापूस पिकवणाऱ्या आणि शेतकरी आत्महत्यांमुळे परिचित झालेल्या जिल्ह्यात, पतीच्या मागे राहिलेल्या स्त्रीचे जगणे त्यांनी साध्या बोलण्यातून मांडले. अनुभवाचा अधिकार हा पदाच्या किंवा विद्वत्तेच्या अधिकाराची जागा घेऊ शकतो, हे या भाषणातून दिसून आले.

न झालेले भाषण

उद्घाटन भाषणाचा प्रभाव कधीकधी ते न झाल्यामुळेही वाढतो. सहगल यांनी लिहून पाठवलेल्या भाषणाचा मराठी अनुवाद वृत्तपत्रांतून आणि समाजमाध्यमांवरून प्रसिद्ध झाला. मंडपात बसलेल्यांपुरते मर्यादित राहिले असते, ते भाषण त्यामुळे कितीतरी अधिक वाचकांपर्यंत पोहोचले.

व्यासपीठ नाकारण्याचे याहून जुने उदाहरण जोतीराव फुले यांचे आहे. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण मिळाल्यावर फुले यांनी पत्राने ते नाकारले. जे लोक सर्व माणसांचे हक्क प्रत्यक्ष आचरणात मान्य करीत नाहीत, त्यांच्या ग्रंथांतील भावनांशी शूद्रादी अतिशूद्रांच्या भावना जुळू शकत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सभेला कोण उपस्थित आहे यापेक्षा कोण अनुपस्थित आहे आणि का, हा प्रश्न या पत्राने कायमचा उपस्थित केला. त्या सभेतील भाषणांपेक्षा हे नकाराचे पत्र मराठी साहित्यविचारात अधिक परिचित आहे. ‘आपण’ या सर्वनामात कोणाचा समावेश आहे, याची विचारणा त्यात असल्यामुळे उद्घाटन भाषणांच्या अभ्यासात त्याला महत्त्व आहे.

मर्यादा आणि टीका

उद्घाटन भाषणांवर तीन आक्षेप प्रामुख्याने घेतले जातात. पहिला आक्षेप लांबीचा आहे. सत्कार, नामोल्लेख आणि आभार यांतच बराच वेळ जात असल्याने मुख्य भाषणाला आरंभ होईपर्यंत श्रोते थकलेले असतात. सिसेरोच्या परिभाषेत सांगावयाचे, तर सद्भाव मिळवण्याच्या प्रयत्नात अवधान गमावले जाते.

दुसरा आक्षेप पुनरुक्तीचा आहे. मराठी भाषेचे भवितव्य, वाचनसंस्कृतीचा ऱ्हास आणि शासनाची उदासीनता हे विषय वर्षानुवर्षे मांडले जातात. श्रोत्यांना निष्कर्ष आधीच मान्य असल्याने त्यांचे मन वळवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र मान्य असलेल्या गोष्टीची पुन्हा आठवण करून देणे हे देखील प्रसंगविशेषाच्या भाषणाचे कार्य आहे, असे प्रतिपादन या आक्षेपाच्या उत्तरादाखल करता येते. मान्य असणे आणि त्यानुसार वागणे यांत अंतर असते आणि ते कमी करण्यासाठी पुनरुच्चार आवश्यक ठरतो.

तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. भावना चेतवण्याची जी साधने न्याय्य मागणीसाठी वापरता येतात, तीच द्वेष पसरवण्यासाठीही वापरता येतात. लय, ‘आपण’ हे सर्वनाम आणि ओळखीची प्रतिमा यांना स्वतःची नीती नसते. ‘आपण’ म्हणताना वक्ता कोणाला तरी ‘ते’ ठरवीत असतो. म्हणून ऐकणाऱ्याने काही प्रश्न मनात ठेवणे इष्ट मानले जाते : भाषणातील विधानांना आधार कोणता आहे, कोणाचा उल्लेख टाळला गेला आहे, आणि हे बोलण्यासाठी वक्त्याला कोणती किंमत मोजावी लागणार आहे किंवा त्यातून कोणता लाभ होणार आहे.

यजमानत्व आणि अर्थसाहाय्य यांचा प्रश्नही या आक्षेपाशी निगडित आहे. संमेलनाला शासनाकडून अनुदान मिळते आणि स्वागताध्यक्षपदी अनेकदा राजकीय नेते असतात. त्यामुळे व्यासपीठावरील वक्ता कितपत मोकळेपणाने बोलू शकतो, याविषयी वेळोवेळी वाद झाले आहेत. याच चर्चेत कराडच्या संमेलनाचा दाखला एका बाजूने आणि यवतमाळच्या निमंत्रण प्रकरणाचा दाखला दुसऱ्या बाजूने दिला जातो.